झाडं मोजलीत, आता काठ मोजू या

नदीकाठच्या झाडांसाठी पुणेकर रस्त्यावर उतरले, ही गोष्ट लहान नाही. २०२३च्या एप्रिलअखेरीस, वैशाखाच्या उन्हात, ‘चिपको’ म्हणत लोक चालले. २०२५च्या फेब्रुवारीत बाणेरला, राम नदी मुळेला मिळते त्या संगमावर, पुन्हा माणसं जमली. ही झाडं ज्यात जाणार त्या महापालिकेच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाच्या बाजूचे आणि विरोधातले असे दोन तट पडले ते पडलेच, पण त्या निमित्ताने मुळा-मुठेचा काठ हा घरात बोलायचा विषय झाला. पुलावर वास येतो म्हणून गाडीची काच वर करणाऱ्या शहरात हे घडलं.

या सगळ्यांना नमस्कार करून मी एक तक्रार मांडणार आहे. आपण सगळे फक्त झाडं मोजतो. आंदोलक किती झाडं जाणार ते सांगतात, महापालिका किती लावणार ते सांगते, ठेकेदार खोडांवर आकडे रंगवतो आणि वर्तमानपत्रं हे तिन्ही आकडे एकाच चौकटीत छापतात. कायद्यालाही झाडच दिसतं. महाराष्ट्राचा १९७५चा नागरी क्षेत्रातला वृक्षसंरक्षण कायदा झाडासाठी आहे. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा म्हणून वेगळा दर्जा मिळाला, तोही झाडालाच. लव्हाळ्याला ना क्रमांक, ना नोटीस, ना हरकती-सूचनांची मुदत. जेसीबी येतो, दुपारपर्यंत थडी सपाट होते, आणि ‘एकही झाड तोडलेलं नाही’ हे कागदावरचं वाक्य शंभर टक्के खरं असतं.

पण नदीचा काठ म्हणजे झाडांची रांग नव्हे. राम-मुळा संगमावर एकदा पाण्यापासून वरच्या दिशेने हळूहळू चढून बघा. पाण्याला चिकटून पाणकणसाचं दाट बन. त्यात पाणकोंबडी पिल्लं घेऊन लपते. त्यामागे ओल्या गाळात लव्हाळे, नीरब्राह्मी, जलपिंपळी, माका. पात्रात जिथे खडक उघडा आहे तिथे फटीत मुळं रोवून राहणारी शेरणी असायला हवी. पूर आला की ती आडवी होते, ओसरला की उभी राहते. जरा वर वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. त्याच्याही वर हराळीचं गवत, बोरी-बाभळी. मध्येच मातीची उभी दरड असते. तिच्यात खंड्या आणि वेडा राघू बिळं करून अंडी घालतात. त्या दरडीला दगडी पिचिंग केलं की खंड्याने घर करायचं कुठे, याचं उत्तर कुठल्याही आराखड्यात मला सापडलेलं नाही. आणि तुकोबांनी थोरवी गायली ती लव्हाळ्याची, पुरात वाहून गेलेल्या झाडांची नव्हे, एवढं तरी वारकऱ्यांच्या मुलखात लक्षात राहायला हरकत नव्हती.

या यादीत उपरेही भरपूर आहेत. जलपर्णी सगळ्यांना माहीत आहे. बेशरम, घाणेरी, सुबाभूळ, गाजरगवत हे काठावर ठाण मांडून बसलेत; गाजरगवताची तर देशातली पहिली नोंदच पुण्यातली, १९५०च्या दशकाच्या मध्यावरची. आणखी एक चोरपावलांनी आलेली आहे, अलिगेटर वीड. मराठीत तिला अजून नाव रुळलेलं नाही, कारण बहुतेक लोक तिला कांचरीच समजतात. दोघींची पानं समोरासमोर, दोघींची फुलं पांढरी. फरक बघायला खाली बसावं लागतं: कांचरीचा फुलांचा गोंडा पानाच्या बगलेत देठाशिवाय चिकटलेला असतो, अलिगेटर वीडचा गोंडा लांब देठावर बाहेर डोकावतो, आणि तिचं पाण्यावर पसरलेलं खोड मोडून बघितलं तर आतून पोकळ निघतं. एक आपल्याकडची भाजीची वनस्पती, दुसरी जगभरच्या नद्यांना डोकेदुखी झालेली. उभ्याने पाहणी करणाऱ्याच्या तक्त्यात दोन्ही ‘हिरवळ’ या एकाच रकान्यात जातात.

तर काठ वाचवायचा म्हणजे नेमकं काय वाचवायचं, हे आधी लिहून ठेवलेलं हवं. आपल्याकडे ते नाही. जुन्या नोंदी आहेत, आणि त्या मोलाच्या आहेत. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. आघारकर संस्थेत आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या कचेरीत वाळवून चिकटवलेले हजारो नमुने आहेत. पण नमुना ‘इथे ही वनस्पती होती’ एवढंच सांगतो. किती होती, वाढतेय की घटतेय, हे त्याला सांगता येत नाही. त्यासाठी त्याच जागी, त्याच रीतीने, वर्षानुवर्षं मोजावं लागतं. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला गवताच्या ठरावीक तुकड्यांवर १८५६पासून नोंदी चालू आहेत. आपल्याकडेही प्रकाश गोळे यांनी मुळा-मुठेवरच्या पक्ष्यांच्या नोंदी चिकाटीने ठेवल्या, १९८२मध्ये इकॉलॉजिकल सोसायटी उभी केली, आणि नदीचं प्रकृतिमान पक्ष्यांवरून वाचायला शिकवलं. वनस्पतींना असा गोळे भेटला नाही. पक्षी मोजायला सकाळी दुर्बीण घेऊन जाणारे आज शेकड्याने आहेत. गवत मोजायला गुडघे टेकणारे हाताच्या बोटांवर.

मोजायचं कसं, हा पुढचा प्रश्न, आणि इथे घाई नडते. पुस्तकात पद्धती पुष्कळ आहेत. वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही चौकट टाकायला येते: गवताला एक मीटर बाय एक मीटर, झुडपांना पाच बाय पाच, झाडांना दहा बाय दहा. पण पुस्तकातली पद्धत मुळेच्या काठावर तशीच चालेल हे कुणी ठरवलं? वाण्याच्या काट्यालाही वैधमापनवाल्यांचा शिक्का लागतो; आपण मात्र न तपासलेल्या काट्यावर नदीचं वजन करून ते हरित न्यायाधिकरणापुढे ठेवायला निघतो. समोरचा वकील पहिला प्रश्न काट्याबद्दलच विचारणार.

म्हणून पद्धत आधी काठावर घासून बघायची. एकाच चौकटीशी दोघांनी बसायचं, एकमेकांची वही न बघता. बहुतेक वेळा होतं असं, की एक म्हणतो हराळीने साठ टक्के जागा व्यापली आहे, दुसरी म्हणते पस्तीस. दोघंही प्रामाणिक असतात. नजरेने टक्के ठरवणं ही गोष्टच तशी निसरडी आहे. मग त्याच चौकटीला आडव्या-उभ्या दहा-दहा सुतळ्या ताणा. शंभर छेद मिळतात. प्रत्येक छेदाखाली कुठली वनस्पती येते तेवढंच लिहा. वेळ दुप्पट-तिप्पट लागतो, पण अंदाजाला जागा कमी उरते आणि दोघांचे आकडे जवळ येतात. तिसरी रीत याहून सोपी: टक्के सोडा, चौकटीचे पंचवीस बारके चौकोन करा आणि किती चौकोनांत कांचरी आहे तेवढंच मोजा. ‘आहे की नाही’ यावर माणसांचं एकमत ‘किती आहे’पेक्षा लवकर होतं. नवख्या स्वयंसेवकांच्या हाती हीच रीत द्यावी, असं माझं मत आहे. तज्ज्ञांना ती जरा बाळबोध वाटेल, वाटू दे. दहा वर्षांनी दुसऱ्या कुणी मोजलं तरी जुळणी करता यावी, ही पहिली अट, शोभा नंतर.

चौकट कुठे टाकायची यालाही अक्कल लागते. जिथे छान फुललंय तिथे टाकायचा मोह सगळ्यांना होतो. काठावर तो मोह टाळायचा सोपा उपाय म्हणजे पाण्याच्या कडेपासून निळ्या पूररेषेपर्यंत सरळ दोरी लावायची आणि ठरलेल्या अंतरावर, समोर काय येईल ते येऊ दे, चौकट ठेवायची. राडारोडा आला तर राडारोडा लिहायचा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. भराव पडून जमीन उंचावली की या रेषा नकाशावर सरकवा म्हणून मागणी होते. काठाची नोंद असेल तर भरावाखाली काय गेलं ते तरी दाखवता येईल.

आणि तीच जागा पुढच्या वर्षी सापडायला हवी. यात भलते प्रश्न येतात. लोखंडी खुंट्या ठोकल्या तर त्या भंगारवाल्याकडे पोचतात. लाकडी खुंट्या पुरात जातात. मोबाइलचा जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, म्हणजे एक मीटरच्या चौकटीला तो निरुपयोगी. त्यापेक्षा खडकावर रंगाची खूण, जवळच्या मोठ्या उंबरापासून टेपने मोजलेलं अंतर आणि दिशा, आणि पुलाच्या ठरलेल्या खांबापाशी उभं राहून काढलेला फोटो, ही तिन्ही एकत्र टिकतात. फोटोची रीत तर फुकट आहे. एकच जागा, एकच दिशा, तोच महिना. दोन्ही काठांवरच्या सोसायट्यांच्या गच्च्यांवरून नदी दिसते. त्या गच्चीवरून दर वर्षी ऑक्टोबरात एक फोटो काढून तारखेसह जपून ठेवला तरी उद्या तो पुरावा आहे.

‘हे सगळं उपग्रहावरून दिसतं की’ असं म्हणणारा प्रत्येक बैठकीत एक तरी असतो. दिसतं, आणि बघावंही. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी नवं चित्र. पण त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर बाय दहा मीटर. संगमावरचा काठाचा पट्टा काही ठिकाणी त्याच्या दोन-तीन ठिपक्यांत संपतो. पावसाळ्यात ढग. आणि सगळ्यात मोठी गोम अशी, की उपग्रह हिरवा रंग मोजतो. जलपर्णीने नदी गळ्यापर्यंत दाटली की उपग्रहाच्या चित्रात ती सर्वांत तजेलदार दिसते. सुबाभळीचं रान आणि करंज-वाळुंजाचं रान त्याला सारखंच हिरवं. तो मोठा बदल कुठे झाला ते दाखवेल, तिथे जाऊन बसावं आपल्यालाच लागेल.

बाहेरची एखादी तयार गुणपत्रिका उचलावी असंही सुचवलं जातं. बार्सिलोनाच्या संशोधकांनी त्यांच्या भागातल्या नद्यांसाठी क्यूबीआर नावाचा निर्देशांक बनवला आहे: चार भाग, प्रत्येकी पंचवीस गुण. काठावर आच्छादन किती, त्याची रचना कशी, दर्जा कसा, आणि पात्रात माणसाने किती ढवळाढवळ केली. थोड्या वेळात शिकवता येतो, म्हणून मला तो आवडतो. पण तो जसाच्या तसा आणला तर फसगत होईल. त्यात एका वर्षात जगून मरणाऱ्या वनस्पती आच्छादनात धरत नाहीत. आपल्याकडे पावसानंतरचा अर्धा काठ त्याच वनस्पतींचा असतो. त्यात झाडांची दाटी जास्त तर गुण जास्त; दख्खनच्या खडकाळ पात्राचा काही भाग मुळात उघडाच असतो, तो काही बिघडलेला नव्हे. उद्या गुण वाढवायला कुणी त्या खडकाशेजारी गुलमोहर लावेल. चाचणी घ्यायची ती यासाठी: चांगला काठ आणि बिघडलेला काठ दोन्ही जाणकारांनी आधी निवडायचे, मग पत्रिका भरायची, आणि पत्रिका दोघांत फरक करते का ते बघायचं. नाही करत, तर पत्रिका बदलायची, काठ नव्हे.

आता विरोधाचा मुद्दा. काठावरच्या सोसायट्यांतले लोक म्हणतात, ‘तुम्हाला जैवविविधता दिसते, आम्हाला डास, साप आणि रात्री तिथे बसणारी टोळकी दिसतात.’ त्यांचं म्हणणं खोटं नाही. काठ वाचवणं म्हणजे काठाला हात न लावणं असा माझा अर्थ नाही. घाणेरी काढलीच पाहिजे, सुबाभूळ कमी केलीच पाहिजे. पण कुठली, कुठे, कधी आणि किती, हे मोजल्याशिवाय ठरत नाही. मे महिन्यात सगळी सुबाभूळ एकदम कापली तर जुलैच्या पहिल्या लोंढ्यात तीच माती पाण्यात जाईल. टप्प्याटप्प्याने, पट्ट्यांनी कापावी, मोकळ्या जागी वाळुंजाच्या फांद्या टोचाव्यात (त्या ओल्या मातीत फुटतात), आणि कापलेल्या पट्ट्यात पुढच्या दोन पावसाळ्यांत काय उगवलं ते चौकटीत बघावं. गाजरगवतच उगवलं असेल तर आपलं कापणं चुकलं. ही साधी पडताळणी कुठल्याही निविदेत नसते. निविदेत ‘झुडपे साफ करणे’ असं असतं, चौरस मीटरच्या दराने.

मोजणी आत्ताच का, याचं आणखी एक कारण आहे, आणि ते सांडपाण्याचं आहे. मुळेवरच्या मुळशी धरणाचं पाणी वीज करत कोकणात उतरतं. उन्हाळ्यात मुळेच्या पात्रात जे वाहतं त्यात शहराच्या मैलापाण्याचा वाटा मोठा. एप्रिलमधलं पाणकणसाचं ते हिरवंगार बन बऱ्याच अंशी आपल्याच न्हाणीघरांवर पोसलेलं आहे. शुद्धीकरण केंद्रं नीट चालू लागली, तर काठ बदलणार. काही वनस्पती मागे हटतील, काही परत येतील. तो बदल चांगला की वाईट, प्रकल्पामुळे की पाण्यामुळे, हे सांगायला आजची नोंद हवी. ती आज केली नाही तर नंतर करता येत नाही. इतर बहुतेक गोष्टींत उशीर झाला तर पैसे जास्त पडतात. इथे पैसे देऊनही काम होत नाही.

म्हणून हे आवाहन.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना पहिलं. तुमची मुलं दर वर्षी चौकटीचं प्रॅक्टिकल करतात, कॉलेजच्या मैदानावर. जर्नल तपासून होतं, आणि मग रद्दीत जातं. तेच प्रॅक्टिकल नदीवर घ्या. पाचशे मीटरचा एक तुकडा आपल्या कॉलेजच्या नावावर घ्या आणि दर वर्षी त्याच तुकड्यावर नवी तुकडी न्या. इंग्लंडमध्ये नदीची पाहणी पाचशे मीटरच्या तुकड्यांनीच, दर पन्नास मीटरला थांबून होते. आपण तोच आकार धरू. राम-मुळा संगम, औंध, सांगवी, विठ्ठलवाडी, येरवडा, मुंढवा अशा ठिकाणी पाचशे मीटरचे तुकडे पडले तर चौदा-पंधरा कॉलेजांत बरीच नदी मोजून होते.

जीवितनदीसारख्या संस्था किनारे दत्तक घेऊन काम करतायत. त्यांच्या रविवारच्या फेऱ्यांना जा. नावं येत नाहीत म्हणून संकोच नको. पहिल्या दिवशी सहा वनस्पती शिका: हराळी, लव्हाळा, पाणकणीस, कांचरी, अलिगेटर वीड, गाजरगवत. सहा नीट ओळखणारी दहा माणसं ही साठ अर्धवट ओळखणाऱ्या एकापेक्षा उपयोगाची. संगणक क्षेत्रात काम करणाऱ्यांनी मोबाइलवर भरायचा फॉर्म बनवावा, पण कागदाची वहीही ठेवावी. नदीवर फोन पडतो, चार्जिंग संपतं. आणि काठावर गाळपेर करणारी, मासे धरणारी जुनी माणसं जिथे उरली असतील तिथे त्यांच्यापाशी आधी बसा. कुठे काय उगवायचं आणि कधीपासून दिसेनासं झालं, हे त्यांना ठाऊक असतं. ते लिहून घ्या, सांगणाऱ्याची परवानगी घेऊन.

महापालिकांना सांगायचं ते थेट. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. काठाची ही मोजणी त्या नोंदवहीत अधिकृतपणे घ्या. संगमाजवळ मुळेचा एक काठ पुण्याचा, समोरचा पिंपरी-चिंचवडचा. दोन्ही समित्यांनी एकच तक्ता वापरावा, नाही तर नदीच्या मध्यावर आकडे थांबतील. सुमारे ४४ किलोमीटरच्या प्रकल्पाच्या प्रत्येक पुढच्या निविदेत कामाआधी, काम चालू असताना आणि नंतरची काही वर्षं वनस्पतींची मोजणी ही देयकाला जोडलेली अट ठेवा, आणि ती मोजणी ठेकेदाराने नेमलेल्या माणसाकडून नको. प्रकल्पाच्या बाजूने असाल तरी हे मागा. काठ सुधारला असं म्हणणाऱ्याकडेही आधीचा आकडा हवाच.

मोजणीचे दिवस दोन. पावसाळा सरताना, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, कारण तेव्हा सगळं फुलावर असतं आणि ओळख पटते. आणि मार्च-एप्रिल, पाणी उतरल्यावर. धरणातून विसर्ग चालू असेल त्या दिवशी काठावर जायचं नाही, हे प्रत्येक गटाने लिहून ठेवावं. पायात गमबूट, हातात मोजे. काचा आणि सुया खूप असतात. पायावर जखम असेल तर गाळात उतरू नये, वर बसून वही धरावी. दोघांनी एक चौकट, दोन वह्या, आकडे शेवटीच जुळवायचे. चौकटीसाठी पाइप विकत आणायचं कारण नाही. अनंत चतुर्दशी झाली की पेठापेठांत मांडव उतरतात, बांबूच्या कामट्या आणि सुतळीची भेंडोळी कोपऱ्यात पडलेली असतात. मंडळाच्या कार्यकर्त्याला विचारून घ्या. तो देईल, आणि जमलं तर त्यालाही रविवारी सकाळी बरोबर आणा.